माळकरी मांजरीच्या पिलांचा आहार

ती ओळ मी टाकली.

मराठीत इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे. त्यात 'मांजरीच्या पिलांचा आहार' असा लेख सापडेल. लेख माझ्या वहिनीनं लिहिलेला. त्याच्या चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य आहे, "मराठवाड्यातील माळकरी घरांमध्ये मांजरीची पिले केवळ गाईच्या दुधावर व भाकरीवर सुदृढ वाढतात." हे वाक्य माझं. दुपारी जेवून ओट्यावर पडलो होतो, हातात मोबाईल होता आणि वहिनीला चिडवल्याला बरेच दिवस झाले होते. ज्ञानकोशाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की कोणीही संपादन करू शकतं. कोणीही म्हणजे मीही आलोच. बी.ए. तिसऱ्या वर्षाला दोनदा बसलेला माणूस त्यातून वगळलाय असं तिथं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मला वाटलं होतं, वहिनी बघेल, लाटणं घेऊन येईल आणि "भाऊजी!" म्हणून ओरडेल. मी हसेन. ती वाक्य काढून टाकेल. एवढाच बेत होता.

वहिनीला ते दिसलं नाही. कारण त्याच दिवशी सकाळी आईनं तिचा मोबाईल काढून घेऊन ट्रंकेत टाकला होता आणि ट्रंकेची किल्ली स्वतःच्या काळ्या दोऱ्यात ओवली होती. मला हे माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. माहीत होतं, पण किल्ली चार-दोन दिवसांत सुटेल असं वाटलं होतं.

वहिनीचं नाव प्रियदर्शनी. माहेर माजलगाव. वडील पाटबंधारे खात्यात होते, ते ती बारावीत असताना गेले. धरणाच्या गावात वाढलेली पोरगी, त्यामुळं मासा तिच्या ताटातला. उमापूरला आमच्या घरात आली ती पाच पिढ्यांच्या माळकऱ्यांत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात तुळशीची माळ पडली, आणि माहेराहून आणलेल्या भांड्यांपैकी एक कढई आईनं वास घेऊन बाहेर ठेवली. त्या कढईत अजून आमचं कुत्रं पाणी पितं.

कॉलेजात असताना मराठी भाषा पंधरवड्यात तिच्या वर्गाला कुणीतरी ज्ञानकोशात लेख कसा लिहायचा हे शिकवलं होतं. बाकीच्या पोरींनी प्रमाणपत्र घेतलं, फोटो काढला आणि विसरल्या. ही एकटी त्यात राहिली. ज्वारीवरचा चिकटा, सुगरणीचा खोपा, करडईचं तेल, असे तिचे लेख. पैसा नाही, नाव नाही, आणि लेखाखाली सहीसुद्धा नाही. मी विचारलं होतं, "वहिनी, मग मिळतं काय?" तर म्हणाली, "खोटं लिहावं लागत न्हाई." हे उत्तर मला तेव्हा लई भारी वाटलं नव्हतं.

त्या लिखाणाचे नियम असतात. स्वतःचं मत घालायचं नाही. 'महान', 'सुंदर', 'अप्रतिम' असले शब्द वापरायचे नाहीत. जे लिहाल त्याला छापील संदर्भ द्यायचा, आणि नसेल तर कुणीही येऊन त्यापुढं 'संदर्भ हवा' असं चिकटवून जातं. हे नियम तिच्या इतके अंगात भिनले की तिचं बोलणंच तसं झालं. आमटी कशी झालीय असं आईनं विचारलं की वहिनी म्हणायची, "काही जणांना मीठ कमी वाटू शकतं." रामदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला आहे आणि आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यानं एकदा "मी कसा हाय गं?" म्हणून विचारलं, तर म्हणे, "याबद्दल मतभेद आहेत." दादा दोन दिवस बोलला नाही. मी मात्र ते गावभर सांगितलं.

मोबाईल ट्रंकेत जायला असंच एक वाक्य कारणीभूत झालं. आई शेजारणींसमोर म्हणाली, "वांझोटीनं गाभण जनावराला हात लावू नये, गाभ पडतो." बोलणं सरळ वहिनीकडं होतं, कारण आमची मांजर तुळसा गाभण होती आणि वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. वहिनीनं मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "आत्या, हे कुठं लिहिलंय?"

आमच्याकडं सुना सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. प्रश्न विचारत मात्र नाहीत.

"कुठं लिहिलंय?" आई म्हणाली. "कपाळावर लिहिलंय तुझ्या. आरशात बघ." शेजारणी खोखो हसल्या. मीही हसलो, आईच्या तोंडून शब्दच तसे नेमके निघतात. मग आईनं मोबाईल उचलला. "ह्याच्यात बघून बघून डोस्क्यात किडं पडल्यात."

आता तुळसा. तिच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

माझे वडील तात्याबा. सगळं गाव त्यांना तात्याबा म्हणतं म्हणून आम्ही पोरंही तात्याबाच म्हणतो. घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही, मग मांजर मांस कसं खाणार? म्हणून तात्याबांनी तिला लहानपणीच एका मण्याची तुळशीची माळ घातली, सुती दोऱ्यात ओवून. तेव्हापासून तुळसा माळकरी. सकाळ-संध्याकाळ दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी. गावाला तिचं लई कौतुक. आता खरी गोष्ट ही की तुळसा रोज पहाटे कणगीमागं जाऊन एखादा उंदीर उरकून यायची, आणि मग तोंड पुसून हरिपाठाला तात्याबांच्या मांडीवर बसायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तात्याबांनाही. ते त्याला 'फिराया गेलती' म्हणायचे. त्या फिरण्यावरच ती जगत होती, पण हे बोलायचं नसतं, म्हणून कुणी बोललं नाही.

तिचं आधीचं वेत मेलं होतं. पिलं आठवड्याची असताना तात्याबांनी आईचं दूध कमी पडतं म्हणून गाईचं पाजलं. पिलांना हगवण लागली आणि एकेक गेलं. वहिनी नवीन होती तेव्हा. तिनं मराठीत शोधलं की मांजरीच्या पिलाला काय द्यायचं असतं. मांजर आडवं गेलं तर काय करावं याची बारा पानं सापडली, आहारावर एक ओळ नाही. म्हणून तिनं स्वतः लेख लिहायला घेतला. तिची मैत्रीण मुबश्शिरा, माजलगावच्या फळवाल्यांची, परभणीला पशुवैद्यकी शिकते. ती ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पानांचे फोटो पाठवायची आणि वहिनी रोजची भांडी झाल्यावर एकेक वाक्य घडवायची. पहिले चार आठवडे पिलाला आईचं दूधच लागतं. ते नसेल तर त्यासाठीच बनवलेली पावडर. गाईच्या दुधात पिलाला पुरेल एवढं प्रथिन आणि स्निग्धांश नसतो, आणि त्यातली साखर पिलाला पचत नाही. मांजर हा केवळ मांसाहारावर जगणारा प्राणी आहे, टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, तो नसेल तर डोळे आणि हृदय जातं. प्रत्येक वाक्यापुढं कंसात आकडा, आकड्याला खाली पुस्तक. गळ्यात माळ घालून तिनं हे लिहिलं. लेखात कुठंही 'बिचारी पिलं' असा शब्द नाही. मी शोधून पाहिलाय.

आणि अशा लेखात मी माझं 'सुदृढ' घुसवलं.

वहिनीचा मोबाईल ट्रंकेत असताना गेवराईच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार आमच्या दारात आला. नाव शिवशंकर. पेपरात अर्ध्या पानावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि उरलेल्या अर्ध्यात बातम्या, असं त्यांचं साप्ताहिक. माळकरी मांजराची बातमी करायची म्हणाला. तात्याबांनी धोतर बदललं. तुळसाचं पोट टम्म झालेलं, गळ्यात माळ, मागं विठ्ठलाची तसबीर, असा फोटो निघाला. शिवशंकर मेहनती माणूस. नुसतं ऐकून लिहीत नाही. त्यानं तिथंच मोबाईलवर शोधलं आणि टुणकन उडाला. "तात्या, ज्ञानकोशात पण हाय की हो हे! मराठवाड्यातली माळकरी घरं म्हणून!"

मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. बोलायला तोंड उघडलं, पण तात्याबांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला होता की मी साखर हवी का एवढंच विचारलं.

शुक्रवारी बातमी आली. 'उमापुरातील माळकरी मांजर : ज्ञानकोशानेही घेतली दखल.' तात्याबांनी ते कात्रण गेवराईहून लॅमिनेशन करून आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलं. लोक बघायला येऊ लागले. आष्टीकडून एक टेम्पो भरून भजनी मंडळ आलं. येणारा प्रत्येक जण तुळसाला नमस्कार करायचा, आणि त्यातला एखादा खवचट विचारायचाच, "तात्याबा, गुपचूप उंदीर तर धरत न्हाई ना?"

असं दोन-तीनदा झाल्यावर तात्याबांनी तुळसाला दाव्यानं बांधलं. वासराचं दावं होतं ते. खांबाला बांधलं आणि समोर दूध-भाकरी ठेवली. फिरायला जाणं बंद. तुळसा दोन दिवस ओरडली, मग ओरडायची थांबली. बांधलेल्या जागीच व्याली. तीन पिलं.

त्याच सुमाराला रामदादानं आईला सांगून वहिनीचा मोबाईल सोडवला. त्याचा फोन वेळेवर उचलायला घरात दुसरं कुणी नव्हतं एवढ्यासाठी. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात होतो. वहिनी समोर येऊन उभी राहिली. लाटणं नव्हतं हातात.

"भाऊजी, हे तुमचं काम."

"कशावरून?"

"'सुदृढ' हा शब्द आख्ख्या घरात तुमीच लिहिता. पोलीस भरतीच्या अर्जात पण लिहिला होता."

"मग काढून टाका की, वहिनी. मजा केली वो."

"काढलं," ती म्हणाली. "तासाभरात परत आलं."

झालं होतं ते असं. पुण्यातला कोणी जुना संपादक, ज्ञानकोशात त्याचं मोठं वजन. त्यानं माझं वाक्य पाहिलं, पुढं संदर्भ नाही म्हणून शोधला, आणि त्याला आमच्या साप्ताहिकाची बातमी सापडली. छापील. तारखेसह. त्यानं ती वाक्यापुढं लावली. आता वाक्याला संदर्भ होता. वहिनीनं ते काढलं तर त्यानं उलटवलं आणि खाली लिहिलं, 'ससंदर्भ मजकूर काढू नये. कृपया तटस्थता राखा.' वहिनीनं चर्चा पानावर सविस्तर मांडलं की बातमीदारानं हे वाक्य याच लेखातून घेतलंय, तेव्हा याचा संदर्भ म्हणजे हाच लेख. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं, 'आपल्या या दाव्याला काही संदर्भ आहे का?'

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, काय करू. वहिनी म्हणाली, "तिकडं बघा." खांबाजवळ तुळसा पडली होती आणि तिन्ही पिलं तिला चोखत होती आणि सोडून देत होती. पुन्हा चोखत होती, पुन्हा सोडून देत होती. बरगड्या मोजता आल्या असत्या. दूध आटलं होतं.

वहिनी सरळ तात्याबांकडं गेली. डोक्यावर पदर घेतला, नजर खाली.

"मामा, तुळसाला सोडा. ती फिराया गेली तरच तिला दूध उतरंल."

"फिराया कावून जायचंय तिला? हितं काय कमी हाय?"

"तिला मांस लागतं, मामा. व्यालेल्या मांजरीला तर लईच."

तात्याबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमळ हसले आणि खिळ्यावरचं कात्रण काढून तिच्या हातात दिलं. "वाच पोरी. तुझ्याच त्या कोशात लिहिलंय म्हनं. अन् तूच न्हाई म्हनतीस व्हय?"

"ते मी लिहिलेलं न्हाई, मामा."

"मग कुनी लिहिलं?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला तिनं पाहायला हवं होतं. पाहिलं असतं तर कदाचित बोललो असतो. ती म्हणाली, "माहीत न्हाई. त्याला नाव न्हाई."

"बघ, छापलंय ते नाव नसताना छापलंय. मंजी देवाचंच म्हनायचं," तात्याबा म्हणाले आणि कात्रण पुन्हा टांगलं. आतून आई बोलली, "जिच्या पोटी एक न्हाई झालं ती निगाली आमाला बाळंतपण शिकवाया."

त्या संध्याकाळपासून तात्याबा स्वतः पिलांना गाईचं दूध पाजू लागले. मांडीवर पंचा, पंच्यावर पिलू, कापसाची वात दुधात बुडवून तोंडात. तोंडानं अभंग चालू. एवढ्या मायेनं त्यांनी आम्हा भावांना कधी मांडीवर घेतलेलं मला आठवत नाही. पहिलं पिलू लवकर गेलं. दुसरं जरा चिवट होतं. त्याला हगवण लागली, मग त्याच्या अंगातलं पाणी गेलं, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. तरी तात्याबा पाजत राहिले, कारण ते 'अशक्त' होतं आणि अशक्ताला दूध द्यायचं असतं. आई म्हणाली, कुणाची तरी नजर लागली. कुणाची ते सांगायची गरज नव्हती.

तिसरं राहिलं. वहिनी त्याला 'तिसरं' म्हणायची. "नाव ठेवा की," मी म्हणालो. "नको," ती म्हणाली. बास, एवढंच.

तिनं मुबश्शिराला कळवलं. परभणीहून एस.टी.च्या ड्रायव्हरकडं डबा आला, पिलांच्या दुधाच्या पावडरीचा, सोबत एक ड्रॉपर. आमच्याकडं औषध, चष्मा, लग्नाच्या पत्रिका, सगळं असंच ड्रायव्हरच्या बाजूला बसून येतं. गेवराईच्या स्टँडवरून मी डबा उचलला. वाटेत मित्र भेटले, "काय बे बंकट, कुणाचं बाळ हाय?" म्हणून त्यांनी चेष्टा केली, मी पण केली. पण डबा शर्टाच्या आत घालून घरी आणला. हे माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं एकच आहे, म्हणून लिहितोय.

तात्याबा शेतावर गेले की वहिनी तिसऱ्याला पदरात घ्यायची आणि कणगीमागं जायची. पाणी कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायची, पिलाला पोटावर निजवून ड्रॉपरनं थेंब थेंब द्यायची. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं, हे तिच्या लेखात आहे, संदर्भ क्रमांक सहा. पाजून झालं की ओल्या फडक्यानं त्याचं बूड पुसायची, तसं केल्याशिवाय ते मुतत नाही. पोट भरलेलं असलं की ते संध्याकाळी तात्याबांची वात तोंडात घ्यायचं नाही. तिसरं सावरलं. पोट गोल झालं. एके दुपारी ते स्वतःच्या पायांवर उभं राहिलं, वहिनीच्या बांगडीशी खेळलं आणि तोंडावर पडलं. वहिनी हसली. मी तिला इतक्या दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊजी, अजून दोन आठवडे. मग ते खायला लागंल, मग मी बघते त्याचं." काय बघणार होती ते मला कळलं. शेजारी सत्तारचाचांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यांच्या अंगणात मटणाच्या तुकड्यांवर चार मांजरं पोसतात. दोन आठवडे काढले की पिलू तिकडं पोचवायचं, असा तिचा हिशोब.

पण आई ज्वारी काढायला कणगीमागं गेली.

डबा अंगणात आला. घरचे सगळे होते. शनिवार होता म्हणून रामदादाही. डब्यावर मांजराच्या पिलाचं चित्र आणि बाकी सगळं इंग्रजी. आई इंग्रजी वाचत नाही, तात्याबा वाचत नाहीत, दादाला वाचता येतं पण तो चष्मा शोधत होता.

"बंकट," तात्याबा म्हणाले, "वाच बे काय लिवलंय."

मी डबा फिरवला. मागं बारीक अक्षरात घटक होते. दुधाचं प्रथिन, वनस्पती तेल, खनिजं. मी एवढंच वाचून थांबू शकलो असतो. वहिनी तुळशीवृंदावनापाशी उभी होती, पदरात तिसरं होतं, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "दुधाची पावडर हाय, तात्याबा." मग तात्याबा म्हणाले, "समदं वाच." आणि मी, ज्याला शाळेत कधी धडा पूर्ण वाचता आला नाही, त्यानं समदं वाचलं. "टॉरिन. जीवनसत्त्व. माशाचं तेल."

आईनं डबा माझ्या हातातून उडवला. पावडर अंगणभर झाली. "माळ घालून घरात मासं आणलं! बाटगी!" असं बरंच. तात्याबांनी गोमूत्र मागवलं, अंगणात शिंपडलं, डबा काठीनं ढकलत उकिरड्यात नेला. वहिनीनं दादाकडं पाहिलं. दादा म्हणाला, "आई-बापाला दुखवून काय मिळनार हाय तुला? मांजर काय, गावात ढीग हायेत."

"मला हे मांजर पायजे," वहिनी म्हणाली. तिच्या तोंडून 'काही जणांना' नाही, 'मतभेद' नाही. मला पायजे.

तात्याबांनी तिच्या पदरातून पिलू काढून घेतलं. तेही हळूच. मांडीवर पंचा टाकला आणि त्याच्या तोंडातलं पाप धुवायचं म्हणून आधी गंगाजल दिलं. मग वात. मग दूध.

मी आत पाणी प्यायला गेलो तर वहिनी चुलीपाशी बसली होती. न बघता म्हणाली, "भाऊजी, खोटं लिहाया जमलं तुमाला. खोटं वाचाया न्हाई जमलं."

तिसरं दोन दिवस टिकलं. वहिनीला त्याला हात लावायला बंदी होती, त्यामुळं ती लांबून बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला हगवण लागली. ते ओरडायचं, आणि खांबाला बांधलेली तुळसा दावं ताणून पुढं यायची, तेवढ्यावरच थांबायची. तात्याबांनी हरिपाठ लावला. पिलू गेलं तेव्हा ते खरंच रडले. मला म्हणाले, "त्या डब्यातल्या माशानं घात केला रं. चांगलं जगत हुतं."

आणि हेच त्यांनी शिवशंकरला सांगितलं. शुक्रवारी छापून आलं, 'मांसाहारी पावडरीमुळे माळकरी मांजराची पिले दगावली. घरातील एका सुशिक्षित महिलेचा अट्टहास.' नाव नव्हतं. उमापुरात नावाची गरज नसते. नळावर बायका तिला वाट सोडून द्यायच्या, तिला आधी हंडा भरू द्यावा म्हणून नव्हे.

मग बघायला येणारे कमी झाले. मेलेल्या पिलांची आई बघायला कोण येतं? काही दिवसांनी दुसरी गाय व्याली, वासराला दावं लागलं, म्हणून तुळसाला सोडलं. ती अंगणात थोडी उभी राहिली आणि भिंतीवरून सत्तारचाचांच्या गॅरेजात गेली. चाचा दुसऱ्या दिवशी दारात आले, हातात तो एक मण्याचा दोरा. "तात्या, ही तुमची अमानत. जाळीत अडकून तुटली. मांजर बोलावलं पर येत न्हाई बगा." तात्याबांनी माळ कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. मांजराबद्दल विचारलं नाही.

वहिनीनं काय केलं हे सांगतो. मला वाटलं होतं ती लेख पुसून टाकेल, नाहीतर लिखाणच सोडेल. पुण्याच्या त्या संपादकानं दुसरी बातमीही संदर्भ म्हणून लावली होती. आता लेखात पावडर धोकादायक असू शकते अशी ओळही होती, ससंदर्भ. वहिनीनं ती वाक्यं काढली नाहीत. काढता येत नव्हती. तिनं नियमाप्रमाणं दुरुस्त केली, 'एका स्थानिक साप्ताहिकाच्या वृत्तानुसार...' आणि त्यापुढं, 'मात्र पशुवैद्यकीय ग्रंथ याच्या विरुद्ध सांगतात,' आणि आकडे सात, आठ, नऊ. तिच्या डोळ्यांसमोर तीन पिलं गेली, पण तिचे डोळे संदर्भ म्हणून चालत नाहीत. ती स्वतःच्याच मेलेल्या पिलांबद्दल 'वृत्तानुसार' लिहीत होती. वाचणाऱ्याला दोन बाजू दिसतात. तटस्थ लेख आहे. चांगला आहे.

ते झाल्यावर ती माझ्याकडं आली. "भाऊजी, एकच गोष्ट मागते. शिवशंकर भाऊंकडं जा. चार ओळींचा खुलासा छापा म्हणावं, की ते वाक्य तुमी चेष्टेनं लिहिलं होतं. छापून आलं की त्याचा संदर्भ देऊन मला ते काढता येईल."

"देतो की, वहिनी," मी म्हणालो. "त्यात काय."

मी गेवराईला गेलो होतो. शिवशंकर म्हणाला, लिहून द्या, खाली नाव-गाव-सही, छापतो. नाव-गाव-सही. आमच्या घरी ते साप्ताहिक तात्याबा पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. मी चहा प्यालो आणि परत आलो.

शुक्रवारी पेपर येतो. तात्याबांचा वाचून झाला की वहिनी घेते, उभ्याउभ्याच चाळते, वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या मधल्या जागासुद्धा.

"या आठवड्यात जागा नव्हती म्हणे, वहिनी," मी आपण होऊनच सांगतो.

"बरं," ती म्हणते आणि पेपर अंथरून त्यावर कुरडया वाळत घालते.